टेस्ट : खापरातून निघालेला शब्द

कळंबमध्ये शब्दांवर बोलायचं, तर पहिला शब्द गावाचाच घ्यायला हवा. 'कळंब' हे 'कदंब' या झाडाच्या नावाचंच मराठी रूप. संस्कृतातल्या कदंबामधला 'द' बोलता बोलता 'ळ' झाला आणि कळंब उरलं. चिंतामणीच्या कथेत या जागेला कदंबपूर म्हणतात, ते त्यामुळेच. कळंब नावाची गावं बरीच आहेत. धाराशिव जिल्ह्यातल्या कळंबचं टपाल इकडे येतं की नाही ते तुम्हीच सांगा. पण जमिनीच्या पोटात पायऱ्या उतरून दर्शन घ्यायचा गणपती मात्र आपल्याच कळंबला.

आज मात्र झाडाचा नाही, इंग्रजी शब्द घ्यायचा आहे, आणि तोही असा की ज्याला आता कोणी इंग्रजी म्हणत नाही. 'टेस्ट'. पोराची युनिट टेस्ट आहे. आजोबांची शुगरची टेस्ट करायची आहे. वावरातली माती टेस्टला पाठवली. बोअरच्या पाण्याची टेस्ट झाली, फ्लोराइड निघालं. गाडी घेण्याआधी टेस्ट ड्राइव्ह. जामठ्याला टेस्ट मॅच. आणि लग्नाच्या पंगतीत वांग्याची भाजी तोंडात टाकून कोणीतरी म्हणतो, "काय टेस्ट आहे राजेहो!"

हा शेवटचा 'टेस्ट' पाहुणा आहे, त्याला आधी बाजूला बसवू. इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द आहेत. चवीचा शब्द वेगळा लिहितात, त्याचा उच्चारही लांब, 'टेऽस्ट' असा. परीक्षेचा 'टेस्ट' आखूड. मराठीत आपण दोन्ही एकाच साच्यात बसवले आणि कोणाचं काही अडलं नाही. गंमत अशी की मुळं वेगळी असूनही हे दोघे अर्थाने शेजारीच राहत होते. चवीचा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, आणि तिथे त्याचा अर्थ होता हात लावून बघणे, चाचपणे. आजच्या फ्रेंचमध्येही त्याचा वंशज चाचपण्यासाठीच वापरतात. इंग्रजीत आल्यावर हाताने चाचपणं जिभेवर गेलं. आपल्याकडे भात शिजला की नाही हे बाई बोटाने शीत दाबून बघते, आणि मीठ किती ते जिभेवर घेऊन बघते. दोन्ही बघणंच. डोळ्याने मात्र दोन्हीतलं एकही नाही.

आता मुख्य शब्द. परीक्षेचा 'टेस्ट' लॅटिनमधल्या 'टेस्टम' पासून आला. टेस्टम म्हणजे मातीचं भांडं. त्याचीच बहीण 'टेस्टा' : भाजलेली माती, मडक्याचा तुकडा, कवच, शिंपला. मराठीत नेमका प्रतिशब्द हवा असेल तर 'खापर'. म्हणजे ज्या शब्दाने कळंबच्या शाळेतल्या पोराच्या पोटात गोळा येतो, तो शब्द मुळात खापर आहे.

खापराचा परीक्षेशी काय संबंध? संबंध सोन्याचांदीमुळे आला. जुन्या फ्रेंचमधून हा शब्द चौदाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजीत शिरला, तेव्हा त्याचा अर्थ फक्त एक होता : धातूची शुद्धता काढण्यासाठी वापरायचं लहानसं सच्छिद्र भांडं. इंग्रज कवी चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स' मध्ये किमयागारांची एक कथा आहे, लोकांना सोनं करून दाखवतो म्हणून लुबाडणाऱ्यांची. त्यांच्या सामानसुमानाच्या यादीत मुशी, भट्ट्या, लगडी यांच्या जोडीला हे 'टेस्ट' ही येतं. इंग्रजीतलं हे त्याचं अगदी सुरुवातीचं दर्शन, आणि तेही ठगांच्या झोळीत.

हे भांडं काम कसं करतं ते नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. समजा तुमच्याकडे चांदीचा तुकडा आहे आणि त्यात तांबं किती मिसळलंय ते कळत नाही. त्यात शिसं घालायचं आणि हाडांच्या राखेपासून केलेल्या उथळ वाटीत ठेवून भट्टीत हजार अंशांच्या आसपास तापवायचं. उघड्या हवेत शिसं जळतं, म्हणजे त्याचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग होतो. त्यातून जो पातळ रस तयार होतो तो तांब्यासारखे हलके धातू आपल्यासोबत ओढतो, आणि वाटीची राख तो रस पिऊन टाकते. चांदी आणि सोनं जळत नाहीत, वाटी त्यांना पीत नाही. शेवटी वाटीच्या तळाशी चकाकणारा एक मणी उरतो. सुरुवातीचं वजन आणि मण्याचं वजन, एवढा हिशेब केला की झालं. सोनं असेल तर त्यात मुद्दाम चांदी घालतात आणि नंतर नायट्रिक आम्लाने ती विरघळवून काढतात. मागे राहतं ते निव्वळ सोनं.

ही जुनी-पुराणी गोष्ट नाही. आज दागिन्यावर हॉलमार्क उठवण्याआधी सोन्याची पक्की तपासणी याच तत्त्वाने होते. १६ जून २०२१ पासून देशातल्या २५६ जिल्ह्यांत टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला, त्यामुळे बायकांच्या पर्समध्ये आता भिंग आलंय आणि ९१६ आकडा सगळ्यांना पाठ झालाय. ९१६ म्हणजे हजारातले ९१६ भाग सोनं, बावीस कॅरट. तो आकडा खात्रीने सांगणारी जी वाटी, तिचं नाव एकेकाळी 'टेस्ट' होतं.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ही वाटी 'चांगलं' किंवा 'वाईट' असं काही सांगत नाही. ती वेगळं करते आणि किती ते दाखवते. दुसरी, जे उरलं नाही ते नव्हतंच असं नाही. ते वाटीच्या अंगात गेलं. शिसं नाहीसं झालं नाही, राखेने प्यालं.

मग भांड्याचं नाव त्या क्रियेला कसं मिळालं? जसं आपण 'चूल' म्हणतो आणि घर समजतो, तसं. 'टेस्टमध्ये घाला' म्हणता म्हणता घालण्याच्या कामालाच टेस्ट म्हणू लागले. सोळाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजीत 'खरं-खोटं पाहणं' हा अर्थ रुळला. शेक्सपिअरच्या 'मेजर फॉर मेजर' नाटकात मोठं पद मिळत असलेला अँजेलो स्वतःला नाणं पाडायच्या धातूच्या जागी ठेवतो आणि शिक्का मारण्याआधी आणखी पारखून घ्यायला सांगतो. तिथे शब्द अजून भट्टीजवळच आहे, पण वाटीत आता माणूस बसलाय. पुढे रसायनशास्त्राने काचेची 'टेस्ट ट्यूब' आणली. पाठ्यपुस्तकात तिला 'परीक्षानळी' म्हणतात. भांड्यावरून परीक्षा आली आणि परीक्षेवरून पुन्हा भांड्याला नाव मिळालं!

लॅटिन टेस्टाची आणखी एक शाखा सांगायचा मोह आवरत नाही. फ्रेंचमध्ये डोक्याला 'तेत' म्हणतात, तोही याच टेस्टापासून. रोमन लोक थट्टेने डोक्याला मडकं म्हणू लागले आणि थट्टाच पक्की झाली. हसू नका, आपल्याकडे हेच झालंय. संस्कृतात 'कपाल' म्हणजे खापर, वाडगा, आणि कवटीही. आपलं रोजचं 'कपाळ' तिथूनच आलं. म्हणजे कपाळ आणि टेस्ट यांची शब्दांची मुळं वेगळी, पण दोघांनी केलेली उडी सारखी. आणि 'खापर फोडणे' तर आहेच. तेही कोणाच्या तरी डोक्यावरच फुटतं.

एक सावध सूचना. 'टेस्टिमनी' म्हणजे साक्ष, 'टेस्टामेंट' म्हणजे मृत्युपत्र, 'प्रोटेस्ट' म्हणजे निषेध. यांचा आपल्या टेस्टशी काही संबंध नाही. ते लॅटिनमधल्या 'टेस्टिस' म्हणजे साक्षीदार या शब्दाचे. दोघांच्या भांडणात तिसरा म्हणून उभा असलेला, असा त्याचा मूळ अर्थ. आपला 'साक्षी' हा शब्द डोळ्यावरून आलेला, ज्याने स्वतः पाहिलं तो. साक्षीदार बघतो आणि सांगतो. भांडं काही बघत नाही, त्याला कोणाची बाजूही नसते.

आता मराठीकडे येऊ. आमच्या मते इथला माल इंग्रजीपेक्षा भारी आहे, आणि आपण तो न बघता वापरतो.

'कसोटी' घ्या. संस्कृतात 'कष्' म्हणजे घासणे. घासायची पट्टी ती 'कषपट्टिका', प्राकृतातून येता येता तिची कसोटी झाली. म्हणजे सोनाराचा तो काळा दगड. त्यावर दागिना घासायचा, पिवळी रेघ उमटते. शेजारी माहीत असलेल्या सोन्याची रेघ ओढायची. दोन्हींचा रंग जुळवायचा, वर तेजाबाचा थेंब टाकायचा. पितळेची रेघ उडून जाते, सोन्याची राहते. इंग्रजीतली 'ॲसिड टेस्ट' ती हीच. क्रिकेटचं धावतं वर्णन करणाऱ्या मराठी मंडळींनी 'टेस्ट मॅच' ला 'कसोटी सामना' म्हटलं, तेव्हा सोनाराच्या वाटीला सोनाराच्याच दगडाने उत्तर दिलं. मुद्दाम केलं की सहज झालं, भाषांतर मात्र असं क्वचितच जमतं.

वाटी आणि दगड यांत फरक आहे बरं. दगड वरचंच बघतो. मुलामा जाड असेल तर दगड फसतो. म्हणून आपल्या लोकांनी आणखी दोन उपाय ठेवले : तापवणं, आणि आत भोक पाडून बघणं. भोक पाडून बघण्याला म्हणतात 'सुलाखणे'. 'तावून-सुलाखून निघालेला माणूस' असं आपण म्हणतो तेव्हा त्या माणसाला भट्टीत घालून वर भोकही पाडलंय, हे कोणाच्या ध्यानात नसतं. दगडावर उत्तम उतरलेलं सोनं ते 'बावनकशी'. आणि नाण्यांची अशी पारख करायला गावोगाव माणूस नेमलेला असे, तो पोतदार. सरकारी खजिन्यात येणारं प्रत्येक नाणं खरं की खोटं हे तो पाही. गावात हे काम बहुधा सोनाराकडे असे. आडनावात तो अजून जिवंत आहे. 'पारखी' हेही तसलंच. 'पारख' आणि 'परीक्षा' हे एकाच शब्दाचे दोन अवतार : एक संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, एक लोकांच्या तोंडी झिजलेला. परि म्हणजे सगळीकडून, ईक्ष् म्हणजे बघणे. चहूबाजूंनी बघणं ती परीक्षा. तीन तासांच्या पेपरात चहूबाजू किती दिसतात ते सोडा.

सोन्याचा 'कस' मग मातीला लागला. 'जमिनीचा कस गेला' हे वाक्य या तालुक्यात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. इथे एक गल्लत टाळायला हवी. 'कसेल त्याची जमीन' यातलं कसणं वेगळं. ते नांगरण्याच्या 'कृष्' धातूचं, कृषीचं भावंडं. जमिनीचा कस मात्र सोनाराकडून आलेला. १९ फेब्रुवारी २०१५ ला सुरू झालेल्या योजनेतून जमीन आरोग्य पत्रिका मिळू लागली. त्यात सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश यांचे आकडे असतात. त्या कागदावर कुठेही 'जमीन पास' किंवा 'जमीन नापास' असं लिहिलेलं नसतं. काय कमी आहे आणि काय घालायचं एवढंच असतं. आमच्या बघण्यात वाटीच्या मूळ स्वभावाला सगळ्यात जवळची टेस्ट हीच.

कापसाचं तसं नाही. त्याला आपण पांढरं सोनं म्हणतो आणि त्याची परीक्षाही सोन्यासारखीच होते. व्यापारी गाडीत हात खुपसतो, मुठीत दाबतो, चिमटीत बोंडाचा धागा ओढून लांबी बघतो. आता ओलाव्याचं यंत्र आलंय. सीसीआयच्या खरेदीत आठ टक्के ओलावा हा पाया धरतात, त्याच्या वर बारापर्यंत भाव कापत जातात, आणि बाराच्या वर गेला की कापूस घेतच नाहीत. आठ ते बारा हे मोजमाप आहे, बाराच्या पुढे तो निवाडा होतो. तोच आकडा, तेच यंत्र. पण अकरा टक्केवाल्याशी भावाचं बोलणं होतं आणि तेरा टक्केवाल्याला गाडी परत न्यावी लागते.

मोजमाप आणि निवाडा, यांतला फरक 'टेस्ट' या एका शब्दात आता दिसेनासा झालाय. आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे, आणि ते उगाच शब्दांचे चोचले म्हणून नाही.

माणसाला वाटीत घालायला सरकारनेच सुरुवात केली. इंग्लंडमध्ये १६७३ साली 'टेस्ट ॲक्ट' आला. सरकारी पद हवं असेल तर अमुक पंथाच्या चर्चमध्ये प्रसाद घ्या, अमुक श्रद्धा नाकारतो असं लिहून द्या. कॅथलिकांना दूर ठेवायचं होतं. कायदा १८२८ पर्यंत राहिला. हिंदुस्थानातही माणसाला तापवून बघायची रीत होती; मराठेशाहीच्या काळात वतनाच्या भांडणात 'दिव्य' होई, उकळत्या तेलातून धातूचा तुकडा हाताने काढायचा आणि हाताला फोड येतो की नाही त्यावर निकाल. 'दिव्य करणे' हा वाक्प्रचार तिथला. तेलात सोनं नव्हतं, हात होता.

शाळेतल्या टेस्टची गोष्ट जरा वेगळी. १८९० मध्ये कॅटेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 'मेंटल टेस्ट' हा शब्द चालवला. १९०५ मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि सिमॉं यांनी मुलांसाठी बुद्धीची चाचणी तयार केली. हेतू चांगला होता : वर्गात मागे पडणारी मुलं ओळखायची आणि त्यांना जास्तीची मदत द्यायची. जमीन आरोग्य पत्रिकेसारखंच की! पुढे हीच चाचणी अटलांटिक ओलांडून गेली आणि तिच्या आकड्यावरून माणसांच्या उतरंडी लावल्या गेल्या. आपल्याकडे तर आपण त्यासाठी स्वतंत्र शब्दच घडवला : 'नापास'. 'ना' फारसी, 'पास' इंग्रजी, आणि जोड देशी. इंग्रजाला हा शब्द कळणार नाही, कळंबच्या पहिलीतल्या पोराला कळतो.

या 'नापास' ची सावली दवाखान्यापर्यंत जाते. विदर्भात, विशेषतः आदिवासी भागांत, सिकलसेलची तपासणी होते. १ जुलै २०२३ ला शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, तेव्हापासून ती जास्तच होते. पहिली टेस्ट विद्राव्यतेची, स्वस्त आणि झटपट. रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे का, एवढंच ती सांगते. 'पॉझिटिव्ह' आली म्हणजे आजार आहे असं नाही. ती व्यक्ती नुसती वाहक असू शकते. वाहक की रुग्ण, ते दुसऱ्या टेस्टमध्ये, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीमध्ये, कळतं. वाहक म्हणजे आईबापांपैकी एकाकडून तो गुण आलेला माणूस; तो बहुतेक वेळा तुमच्या-आमच्यासारखाच कामधंदा करतो. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. वाहकाचं लग्न वाहक नसलेल्या निरोगी जोडीदाराशी झालं तर मुलाला हा आजार होत नाही. फार तर ते वाहक असेल. म्हणजे ही टेस्ट लग्नाआधी दोघांनी करायची आणि मग बोलायचं अशी आहे. पण घरी निरोप जातो, "पोरगी टेस्टमध्ये निघाली." 'निघाली' या क्रियापदात पोरगी नापास झालेली असते, मुलाची टेस्ट झालेलीच नसते. वाटी बोलली 'इतकं आहे', ऐकणाऱ्याने ऐकलं 'वाईट आहे'.

आता शेवटचे दोन शब्द. दोन्ही तुम्ही रोज पेपरात वाचता. पहिला 'निकष'. कर्जमाफीचे निकष, पीकविम्याचे निकष, अतिवृष्टीचे निकष. नि आणि तोच 'कष्', घासणे. निकष म्हणजे कसोटीचा दगडच. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी; पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तर मदत. २०१५ पूर्वी ही रेघ ५० टक्क्यांवर होती. तेच वावर, तेच नुकसान. दगड बदलला आणि रेघ उमटली. आपण 'निकषात बसत नाही' म्हणतो. खरं तर दगडात कोणी बसत नसतं, दगडावर घासलं जातं.

दुसरा शब्द 'पात्र'. आज टेस्टची पाळंमुळं खणायला घेतली ती याच्यासाठी. पात्र म्हणजे भांडं. आणि पात्र म्हणजे योग्य, लायक. जो दान ठेवायला योग्य भांड्यासारखा, तो पात्र. इंग्रजीत भांड्यावरून परीक्षा आली; आपल्याकडे भांड्यावरून त्या परीक्षेत उतरणारा माणूस आला. 'शिक्षक पात्रता परीक्षा' म्हणजे इंग्रजीतली 'टीचर एलिजिबिलिटी टेस्ट', तिच्यात ही दोन्ही भांडी एकमेकांवर आपटतात. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर पाच वर्षांहून जास्त नोकरी राहिलेल्या गुरुजी-बाईंनाही ही परीक्षा द्यावी लागणार म्हणून इथे बसलेल्यांपैकी काहींना हा आवाज जरा जास्तच ऐकू येत असेल.

पण यवतमाळ जिल्ह्यात 'पात्र-अपात्र' हे शब्द ज्या ओळीत सगळ्यात जास्त छापून आले, ती ओळ वेगळी आहे. जिल्ह्यात इतक्या शेतकरी आत्महत्या. त्यातली इतकी प्रकरणं पात्र, इतकी अपात्र, इतकी चौकशीत. २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत मिळते. त्यासाठी नापिकी, कर्जाची परतफेड न होणं, कर्जवसुलीचा तगादा ही कारणं धरली जातात, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती कागद बघून ठरवते. सरकारी पैसा वाटायचा तर काहीतरी दगड लागणार, हे आम्हाला मान्य आहे. अडचण शब्दाची आहे. कागदावर 'प्रकरण अपात्र' असतं. गावात पोचेपर्यंत 'प्रकरण' गळतं आणि माणूस अपात्र होतो. मग लोक स्वतःच कारण शोधू लागतात : दारू असेल, घरचं भांडण असेल. विधवा बाईला ते ऐकत राहावं लागतं. ती जर म्हणाली की कृषी केंद्रावर उधारी होती, नातलगाकडून हातउसने घेतले होते, तर त्याचा कागद दाखवणं अवघड. ते कर्ज नव्हतं असं नाही. ते वाटीच्या राखेने प्यालं.

इथे व्याख्यान थांबवून आम्ही प्रश्न घेतले. बहुतेक प्रश्न 'चाचणी' आणि 'तपासणी' यांतल्या फरकाबद्दल होते. थोडक्यात, दवाखान्यात तपासणी म्हणावं, यंत्राची चाचणी घ्यावी, सोन्याची कसोटी, माणसाची पारख. शाळेत काय म्हणावं ते शाळेने ठरवावं. एका ताईंचा प्रश्न मात्र नेमका होता : "मग अपात्रच्या जागी लिहायचं काय?"

आमचं उत्तर असं, की जे झालं तेच पूर्ण वाक्यात लिहावं. 'अपात्र' हा एकच शब्द आहे आणि त्याला उत्तर देता येत नाही. 'कर्जाचा कागद मिळाला नाही' हे पूर्ण वाक्य आहे. ते घेऊन त्या घरातलं कोणीतरी बँकेत, सोसायटीत जाऊ शकतं, आणि कागद सापडला तर परत येऊ शकतं.